किल्बेनबाईची चूल

१ ऑक्टोबर, सोमवार

टेसी, आधी आपल्या आईचं नाव आठवतं का बघ. नाब्ला. आठवलं? शाबास. आता पुढचं वाच. आल्याच्या बिस्किटांचा डबा पाठवते असं तू नऊ वर्षांपूर्वी लिहिलं होतंस, तो डबा इंग्लंडहून पोहत येत असावा, कारण अजून पोचलेला नाही. तुला दोष देत नाही. तू लहानपणी बादली घेऊन विहिरीवर जायचीस आणि बादली तिथेच ठेवून परत यायचीस. विसरभोळी ती विसरभोळीच.

आई दिवसभर करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. म्हणून आता रोजची हकिगत सांगून ठेवणार आहे. आठवड्याची पानं झाली की त्यांची नक्कल शनिवारी टपालात, वही इथेच. अक्षर माझं नाही, हे तुला सांगायला नको. मला अक्षरं म्हणजे कोंबडीने अंगण उकरल्यासारखी दिसतात. लिहिते आहे ती डीलिया हॅनरट्टी, माझी नवी शेजारीण. चाळीस वर्षं या गावचं पोस्ट ऑफिस सांभाळून आता पेन्शनीत बसली आहे. तिने आधीच बजावलंय की मी बोलेन तो शब्द न् शब्द लिहिणार, पत्रातला शब्द गाळणं म्हणजे टपाल चोरणं. बघू, माझ्या शिव्यांपाशी आल्यावर काय करते ते.

तर मी आले. तुझ्या भावाने, मार्कसने, डोंगरावरचं घर जंगलखात्याला देऊन टाकलं, हे तुला त्याने कळवलंच असेल. तिथे आता पाइनची रोपं लावणार. तो आणि त्याची बायको आग्नेस बर्मिंगहॅमला गेले, आणि मला खाली गावात हे किल्बेनांचं घर बघून दिलं. बरीच वर्षं रिकामं होतं. घर चांगलं आहे. दोन खोल्या, दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, अंगणात नळ. नळ सोडला की पाणी येतं, बादली कुठे विसरायची सोयच नाही.

विस्तव मी लोखंडी हंड्यात घालून मांडीवर घेऊन आले. लॉरीचा ड्रायव्हर खोकत म्हणाला, आजी, गाडी पेटवाल माझी. म्हटलं, माझ्या आजीच्या आईपासून हा जळतोय, अजून कुणाची दाढीसुद्धा जाळली नाही, तू पुढे बघ. रस्त्यात तीन घरांतल्या बाया दारात येऊन छातीवर क्रूसाची खूण करून गेल्या. जिवंत विस्तव घर बदलताना बघायला मिळत नाही हल्ली.

एकच खोट आहे. या घरात चूलच नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

चूल होती. मोठी, भिंतीतली, मधल्या खोलीच्या निम्म्या रुंदीची. ती विटांनी बुजवून टाकली आहे आणि पुढे एक छोटी लोखंडी शेगडी बसवली आहे, फुगलेल्या बेडकासारखी. माझा विस्तव सध्या त्या बेडकाच्या पोटात आहे. रात्री राखेखाली झाकायला जागा नाही, म्हणून दोनदा उठून टर्फची, दलदलीतून कापून वाळवलेली, ढेकळं घालावी लागतात. तुझा बाप कोलमन असता तर म्हणाला असता, नाब्ला, तू माझ्यासाठी कधी इतक्यांदा उठली नाहीस.

डीलिया विचारते, हे लिहू? लिही.

विटांवर हात ठेवून बघितला. ऊबदार लागल्या. शेगडीमुळे असणार.

९ ऑक्टोबर, मंगळवार

फेस्टी गवंड्याला बोलावून आणलं. सत्तर-पंचाहत्तरचा असेल, हात अजून फावड्यासारखे. ही भिंत त्यानेच घातली होती, तरुणपणी. पाडायची म्हटल्यावर टोपी हातात फिरवायला लागला. म्हणाला, धुराडं कावळ्यांनी भरलं असेल. म्हटलं, कावळे काढ. म्हणाला, दगड सैल असतील. म्हटलं, घट्ट बसव, गवंडी तू आहेस की मी. म्हणाला, शेगडी चांगली आहे की बाई, पाद्रीसाहेबांकडेही अशीच आहे. म्हटलं, मग पाद्र्याशी लग्न लावायचं असतं तर मीही शेगडीच घेतली असती.

शेवटी मी बेडकाचं दार उघडून त्याला निखारे दाखवले. हा विस्तव परका नाही, म्हटलं, चार बायांनी सांभाळलाय, त्याला बसायला जागा दे. मग त्याची टोपी फिरायची थांबली. आपल्याकडे वाटेवरच्या विस्तवाला चूल नाकारत नाहीत. त्याच्याही आईने त्याला तेच शिकवलेलं. गुरुवारी येतो म्हणाला. जाताना दारात थांबला आणि विचारलं, तुम्हाला मुलं किती. दोन, म्हटलं. जवळ आहेत का. नाहीत. तो टोपी घालून गेला.

११ ऑक्टोबर, गुरुवार

टेसी, तू इथे असायला हवी होतीस.

सकाळी आठाला फेस्टीने पहिली वीट काढली आणि दुपारपर्यंत सगळी भिंत अंगणात. आतली चूल बघून मी खालीच बसले. आपल्या डोंगरावरच्या चुलीच्या दुप्पट. हंडे टांगायची लोखंडी दांडी जागच्या जागी, न गंजलेली. दोन्ही बाजूंना, चुलीच्या आतच, बसायचे दगडी कट्टे. उजवा खडबडीत. डावा मात्र असा गुळगुळीत, बसून बसून मध्ये खोलगट झालेला, की हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखा लागतो. कोणी तरी बाई जन्मभर तिथे बसली आहे.

आणि राख. गुडघाभर, पांढरी, पिठासारखी. ती चाळीस वर्षांची राख मी चिमट्याने बाजूला सारत गेले, तर तळाशी लाल.

मी काही थापा मारत नाही, डीलिया इथे साक्षीला होती. तीन निखारे, मुठीएवढे, राखेखाली नीट झाकलेले. फेस्टी दोन पावलं मागे सरला. खरं तर मीही सरायला हवं होतं. पण तुला सांगते, माझ्या मनात आधी आलं ते कौतुक. काय बाई असेल ती, काय हात असेल तिचा, विस्तव झाकावा तर असा.

फेस्टी म्हणाला, पाणी ओता बाई, आणि मग तुमचा आणा. दुसऱ्या बाईच्या विस्तवावर पाणी? माझी आई थडग्यातून उठून आली असती. मी गुडघ्यावर बसून फुंकर घातली, आणि माझे निखारे हंड्यातून काढून त्यांच्या शेजारी ठेवले. मग कुठले माझे आणि कुठले तिचे, ते मलाच ओळखू येईना.

फेस्टीने चहा घेतला नाही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

सुख आहे, बाई. सोडा घातलेला पाव पुन्हा कढईत, वर-खाली निखारे ठेवून केला. शेगडीतल्या पावाला जी उदास चव होती ती गेली. टर्फ फार कमी लागतं. रात्री झाकताना चार निखारे झाकले तर सकाळी सहा निघतात. कोंबड्यांनी असं करावं.

डीलिया लिहायला येते ती आता डाव्या कट्ट्यावर बसते. उजेड चांगला पडतो म्हणते. तिचे गुडघे वीस वर्षं दुखत होते, ते थांबले. तिचा भाऊ शिकागोला आहे, अठरा वर्षांत त्याची चिठ्ठी नाही, आणि ही बाई सबंध गावाची पत्रं वाटत होती. मी तिला म्हटलं, तुझा भाऊ आणि माझी टेसी यांचं लग्न लावून देऊ, दोघं मिळून एकमेकांना विसरतील. फार हसली. हसताना तिचे डोळे निखाऱ्याकडेच होते.

या नाताळात येणार का, हे मी विचारत नाही. विचारलं की तू येते म्हणतेस.

दार नुसतं लोटलंय, लेकरा. कडी लावलेली नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मृतांची रात्र. तू तिकडे पाळत नसशील, म्हणून आठवण करून देते काय करायचं ते. चूल झाडून घेतली. राख सारखी करून ठेवली. चुलीसमोर तीन खुर्च्या मांडल्या: एक तुझ्या बापाला, एक माझ्या आईला, एक आपल्या तान्ह्याला, जो नाव ठेवायच्या आधीच गेला. त्याला छोटं स्टूल. पाण्याचा वाडगा ठेवला. आता रोझरीची प्रार्थना म्हणून लवकर झोपायचं, म्हणजे त्यांना संकोच नको.

डीलियाने विचारलं, नव्या घराचा पत्ता त्यांना कसा कळेल. म्हटलं, पोस्टातल्या बाईने हे विचारावं? विस्तव त्यांचाच आहे. विस्तवाला पत्ता लागत नाही.

आई बसली आहे. आईचे पाय गार पडलेत.

३ नोव्हेंबर, शनिवार

आमचं कोणी आलं नाही.

वाडगा काठोकाठ भरलेला. मी मांडलेल्या खुर्च्या चुलीपासून मागे सरकवलेल्या, भिंतीला लावून ठेवलेल्या, घरात पाहुणे नकोत तेव्हा लावतात तशा. स्टूल आडवं पडलेलं.

राखेत पावलं. उमटलेली पावलं आपण दोघींनीही डोंगरावर बघितली आहेत. दाराकडे बोटं असली तर कोणी जाणार, चुलीकडे असली तर कोणी येणार. ही पावलं डाव्या कट्ट्यासमोर आहेत, अनवाणी, बाईची, बोटं दाराकडे. पण एकच जोडी. पुढे गेलेली नाहीत, आलेली नाहीत. कोणी तरी उभं राहून बघत होतं, तशी.

मी राख सारखी केली. डीलियाला म्हटलं, मांजर असेल. ती म्हणाली, असेल.

सगळे येतात शेवटी. तूही ये.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पावलं रोज सकाळी. त्याच जागी. मी राख सारखी करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आदल्या दिवसापेक्षा खोल.

डीलिया दुपारी दोनला येते ती अंधार पडेपर्यंत हलत नाही. काल तिची मांजर तिला शोधत आली. उंबऱ्याबाहेर बसून ओरडत राहिली, आत पाऊल टाकेना. मी म्हटलं, जा गं, तुझी मालकीण बोलावतेय. डीलिया म्हणाली, एवढी ओळ होऊ दे. ओळ केव्हाच झाली होती, मी तर चहा गाळत होते.

तिने आज काही खाल्लं नाही. कालही नाही. तिच्या स्कर्टची कड राखेने पांढरी झाली आहे.

मी काही बोलत नाही गं तुला. कधीच रागावणार नाही. फक्त ये.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट विचारायची आहे, आणि ज्या बाईबद्दल विचारायची तीच लिहिते आहे, तर तिने रागावू नये.

मी बोलायचं थांबते तरी पेन थांबत नाही. खरखर ऐकू येते. पहिल्यांदा वाटलं, मागे पडली असेल, गाठते आहे. आज मी मुद्दाम तोंड मिटून शंभर आकडे मोजले. पेन चालूच. विचारलं काय लिहितेस, तर म्हणाली, पूर्णविराम देते. माझ्या बोलण्यात एवढे पूर्णविराम नसतात, टेसी, हे तुझा बापही सांगेल.

लिहिताना ती वहीकडे बघत नाही.

आई सगळं विसरली. कोण गेलं, किती वर्षं, सगळं. सहाही जणांची ताटं मांडली आहेत.

२१ नोव्हेंबर, बुधवार

तुझं पत्र आलं. डीलियाने वाचून दाखवलं, आणि मी तिला दोनदा वाचायला लावलं.

आई, तू मला लेकरा म्हणालीस, असं तू लिहिलंयस. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. तू लिहिलंयस की वाचून कारखान्याच्या संडासात जाऊन रडलीस. ताटं मांडलीस म्हणालीस, कधीच रागावणार नाही म्हणालीस, आता मी कशी राहू. आठ डिसेंबरच्या शनिवारी माझ्या छोट्या लेकीला, ऊनाला, घेऊन येते.

टेसी, मी तुला कार्टी म्हटलंय, भवानी म्हटलंय, बादलीविसरी म्हटलंय. लेकरा म्हटलेलं नाही. मला येतच नाही ते.

डीलियाला म्हटलं, तू लिहिलंस. ती शपथेवर नाही म्हणाली. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसली, दुसऱ्याचं कुत्रं आपल्या मांडीवर येऊन बसावं तशी.

आठ तारखेला. ये.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

नर्स अट्रॅक्टा दर गुरुवारी सायकलवरून माझे पाय बघायला येते. तिला वही दिली आणि अंगणात, नळापाशी, सगळं वाचायला लावलं. चूल उघडल्यानंतर प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक ओळ. मी न सांगितलेली. नर्स म्हणाली, आजी, फार गोड आहे हो, रडू येतं. म्हटलं, म्हणूनच ते माझं नाही.

मग फेस्टीकडे गेले. त्याने या वेळी टोपी फिरवली नाही, सरळ सांगितलं. किल्बेनबाईची सहा मुलं. पाच बॉस्टनला, धाकटा मार्टिन स्कॉटलंडला बटाटे काढायला. बाईला लिहिता येत नव्हतं, मास्तर पत्रं लिहून द्यायचे. वीस वर्षं तिने दाराला कडी लावली नाही आणि विस्तव विझू दिला नाही. डाव्या कट्ट्यावर बसल्या बसल्या गेली. एकही आला नाही. मग मार्टिन आला, घर विकायला. पाइप पेटवायला म्हणून उजव्या कट्ट्यावर बसला. उठला नाही. आजार नाही, दुखणं नाही. लोक ओढायला गेले तर म्हणायचा, जरा वेळ, ऊब आहे. नाताळपर्यंत तसाच बसून होता, आणि नाताळाला गेला. मग विटा. फेस्टी म्हणाला, विस्तव विझत नव्हता, मी ऊबदार हातांनीच भिंत बांधली.

मला आधी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला, म्हाताऱ्या बाईला छप्पर मिळतंय, त्या घराला नावं कशी ठेवू. आणि तुमचा विस्तव वाटेवर होता.

ऊनाला लोकरी मोजे घाल. इथे लागणार नाहीत.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज मिस्साला गेले नाही. पाद्र्यापुढे सांगण्याआधी तुला सांगायचं आहे.

तीन दिवस मला सगळं माहीत होतं आणि मी तुला थांबवलं नाही. नर्सला सांगून त्याच दिवशी पत्र धाडता आलं असतं. मी ऊनासाठी खाट आणली. अंडी जमवली. म्हटलं, कुणाच्या का शब्दाने होईना, येते आहे ना. त्या बाईला जे जमलं ते मला अडतीस वर्षांत जमलं नाही, तर तिचंच चालू दे. आणि मग तू कट्ट्यावर बसशील आणि म्हणशील, जरा वेळ, ऊब आहे. परत जायची गाडी चुकेल. हे मी मनात बघितलं, आणि मला गोड वाटलं.

तुझ्या बापाला पुरलं तेव्हा तू आली नाहीस. तार पोचली होती, मला माहीत आहे, डीलियानेच पाठवली होती. विसरलीस असं मी सगळ्यांना सांगितलं. विसरभोळी म्हणते ती त्याचसाठी. दुसरा शब्द होता तो फार कडू होता.

आज सकाळी ऊनाची खाट चुलीजवळ सरकलेली होती. मी सरकवली नव्हती. वर राखेचे हात.

नर्सकडून पत्र लिहून घेतलं. येऊ नको, असं. सरळ.

आईचं ऐकू नको, लेकरा. ये.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

परवा पाणी ओतलं. दोन बादल्या. आजीच्या आईचा विस्तव माझ्या हाताने मारला. वाफ झाली, काळा चिखल झाला. मी त्या चिखलात बसून रडले ते तुझा बाप गेला तेव्हाही रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलाखाली सात निखारे.

डीलिया आता रात्रीही कट्ट्यावरून उठत नाही, म्हणून फेस्टी आणि पोस्टमन तिला उठवायला आले. बाईंना उचला म्हटलं, उचलता येईना. भिंतीतला दगड जसा. ती हसून म्हणाली, एवढी ओळ होऊ दे.

फेस्टी विटा घेऊन आला आहे. अंगणात रचल्या आहेत. पण आत माणूस असताना भिंत कशी घालायची —

काल रात्री पेन लपवलं. सकाळी राखेत बोटाने काही उकरलेलं. नर्सने दारातून वाचलं. एकच शब्द, सगळ्या राखेभर.

ये ये ये ये

३ डिसेंबर, सोमवार

तुझी तार. नर्सने वाचली. कुठलं पत्र खरं मानू, असं विचारलंयस. म्हणतेस, नर्सच्या अक्षरात तू रागावतेस, डीलियाच्या अक्षरात तू बोलावतेस, आणि आई रागावते तेव्हा तिला यायलाच हवं असतं, हे मला माहीत आहे. म्हणून येते.

कार्टे. शहाणी कधी झालीस. आणि नेमकी आत्ता —

५ डिसेंबर, बुधवार

नर्स दाराबाहेर सायकल धरून उभी. पान झालं की नेणार. आत येत नाही.

नर्सच्या अक्षरावर तुझा विश्वास नाही, म्हणून डीलियाच्या याच हाताने लिहून घेते. समोरच्या कट्ट्यावर बसले आहे. उजव्या. डीलियाचं मनगट धरून. गार आहे, नळासारखं. माझा शब्द संपला की हात उचलून धरते. ओढते आहे. जोर आहे तिला.

नीट ऐक. जिथे टोमणा आहे, ती मी. जिथे गोड आहे, ती मी नाही. हे विसरू नकोस, एवढं एक विसरू नकोस. बादली विसर, डबा विसर, मला विसर.

माझे गुडघे दुखायचे थांबलेत.

फेस्टीला सांगितलंय. शुक्रवारपर्यंत दोघी उठलो तर ठीक. नाही तर विटा लाव. तो टोपी फिरवतोय. शनिवारच्या आधी, म्हटलं, फेस्टी, शनिवारच्या आधी.

आता बोटीचं तिकीट फाड. आणि माझा डबा पाठव. आल्याची बिस्किटं, टिनाच्या डब्यातली, मऊ नकोत, गेल्या खेपेला तू केलीस तसली तर मुळीच नकोत. अर्धा शेर चहा. पोस्टाने. तुझ्या हाताने आणू नको, पोस्टाने. बोटाला दोरा बांध, भवाने, नाही तर विसरशील. डबा पाठव आणि तू लेकरा ये — नाही. हात सोड. ते मी नाही. डबा. आल्याची. पोस्टाने पाठव, आणि तू स्वतः —